हौसाबाईंचे सात टाके

पुण्यातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले, त्या पहिल्याच दिवशी तिथल्या प्रमुख बाईंनी माझ्या हातात सुई-दोरा दिला. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी., भोरमधून पहिल्या वर्गात पास होऊन आलेली, नवाकोरा पांढरा कोट घालून ताठ उभी होते. मनात म्हटलं, बाईंच्या ब्लाउजचा हूक तुटलेला दिसतोय, आणि आल्या आल्या आपल्या नशिबी हे काम. तेवढ्यात त्यांनी टेबलाच्या खणातून गोधडीचा एक वीतभर तुकडा काढून माझ्यासमोर टाकला.

"ही पेशीची कातडी समज. वरची बाजू बाहेर, खालची आत. बाहेरून सुरू कर आणि धागा आरपार ने. सात वेळा. मग शेवट कुठे आला ते सांग."

मी भराभर टाके घातले. आईनं लहानपणी शिकवलं होतं, गाठ ज्या अंगाला मारली त्याच अंगाला दोरा आणून संपवायचा. हाताला तीच सवय. बाईंनी तुकडा उलटा करून बघितला.

"आठ झाले. गोधडी चांगली शिवशील, पण तुझं प्रथिन मेलं."

हसत नव्हत्या, आणि रागावलेल्याही नव्हत्या. पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे शिकवलं ते मी आजही भोरच्या कॉलेजात पोरींना तसंच्या तसं शिकवते. आपल्या मज्जातंतूंच्या पेशींवर अफूच्या जातीची औषधं धरणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ग्राहीचा धागा पेशीच्या कातडीतून बरोबर सात वेळा आरपार जातो, म्हणून त्याचं एक टोक बाहेर राहतं आणि दुसरं आत. बाईंनी वरचा एक टाका नखानं उचलला. खालच्या बाजूचा टाका आवळला गेला.

"बघ. औषधाला आत जायची गरजच नाही. ते बाहेर बसतं आणि आतला धागा हलतो. आत एक प्रथिन टेकून वाट बघत असतं. धागा हलला की ते फुटून त्याचे दोन भाग होतात, दोघं दोन कामांना पळतात, आणि दुखण्याची बातमी पुढे धाडणारी पेशी गप्प होते. थोड्या वेळानं दुसरं एक प्रथिन येऊन ग्राहीच्या शेपटाला चिकटतं आणि म्हणतं, पुरे आता. त्याचं नाव अरेस्टिन."

"म्हणजे कुलूप-किल्लीसारखं," मी हुशारी दाखवली.

झालं. प्रयोगशाळेत कुलूप-किल्ली हा शब्द उच्चारायचा नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठ्यपुस्तकात जिथे जिथे तो असे तिथे बाई लाल पेनानं काट मारत. म्हणत, "किल्ली फिरली, कुलूप उघडलं, संपलं. हे संपत नाही ना! हे हलतं, थकतं, आत ओढलं जातं, परत वर येतं. जिवंत आहे ते."

डॉ. हौसा रणपिसे. नावामागे डॉक्टर आणि नाव हौसा, हे परदेशी पाहुण्यांना कळायचं नाही, पण आमच्याकडच्यांना ते ऐकून जास्त गंमत वाटायची. बाईंना त्याचं काही नव्हतं. सुती साडी, त्याखाली पोरांसारखे खेळाचे बूट, आणि खांद्याला शबनम. माणसांना त्या गावाच्या नावानं हाक मारत. आमच्यात एक सातारा होता, एक नांदेड होती, आणि मी भोर. "भोर, तुझं वाचन झालं का?" असं त्या कॉरिडॉरच्या टोकावरून ओरडल्या की नवा माणूस चमकून बघायचा. त्यांचं एक वाक्य तर दिवसातून दहादा कानावर पडे: "आधी मोज, मग बोल." डब्यातल्या भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी हेच.

आमच्याशी त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. पण रोज दुपारी एक वाजता गावाहून त्यांच्या थोरल्या भावाचा फोन येई, आणि फोन कानाला लागला की बाईंची भाषाच बदलून जाई. "व्हय दादा. जेवले. न्हाई रं, लई न्हाई काम. तू जेवलास का?" दीड मिनिटात फोन संपायचा आणि बाई पुन्हा डॉक्टर रणपिसे व्हायच्या. त्या दीड मिनिटात त्यांना कुणी हाक मारत नसे.

ते भाऊ म्हणजे सोपानदादा. राजगडाखालच्या पाली गावाजवळ त्यांचं घर. बाप दारूत गेला तेव्हा दादा चौदा वर्षांचे आणि हौसा चार वर्षांची. दादा पुढे रस्त्यावर मैलकुली झाले, म्हणजे ठरलेल्या पट्ट्यातल्या रस्त्याची देखभाल करणारे कामगार. घराजवळच्या पहिल्या दगडापासून खिंडीतल्या दहाव्या दगडापर्यंत त्यांचा पट्टा. खड्डे बुजवायचे, गटारं काढायची, दगडांना चुना लावायचा. शाळा वाटेतच होती. घमेलं एका हातात आणि बहिणीचं बोट दुसऱ्या हातात धरून ते निघायचे. बाई आकडे शिकल्या त्या पाटीवर नाही, त्या किलोमीटरच्या दगडांवर. "दादाला स्वतःला दहाच्या पुढे येत नव्हतं," त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पण दहापर्यंतचं पक्कं करून घेतलं."

आता पेढ्यांची गोष्ट. बाईंचा नियम असा की निकाल चांगला आला म्हणून हुरळायचं नाही. एकदा आला तर वहीत लिहायचा, दुसऱ्यांदा आला तर एकमेकांना सांगायचा, तिसऱ्यांदा आला तर पेढे. बाईंचा सगळा जीव एका आशेत अडकलेला होता. त्या वेळी आमच्या क्षेत्रात बऱ्याच जणांचा असा अंदाज होता, की दुखणं थांबतं ते त्या पहिल्या प्रथिनामुळे, आणि श्वास मंदावणं, बद्धकोष्ठ होऊन पोट बांधलं जाणं हे त्रास अरेस्टिनमुळे होतात. मग ग्राहीला असं हलवणारं औषध शोधायचं की निरोप पहिल्याला जाईल आणि दुसऱ्याला कळणारही नाही. म्हणजे अफूचा गुण तेवढा घ्यायचा आणि अवगुण बाहेरच ठेवायचा. बाई त्याच्यामागे अकरा वर्षं होत्या.

आणि माझ्या हातून ते झालं! एका नव्या रेणूनं पहिलं प्रथिन जागं केलं आणि अरेस्टिन जागचं हललं नाही. आलेख असा सुंदर की मी त्याची चौकट करून घरी लावायच्या बेतात होते. दुसऱ्यांदा तसंच आलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नांदेड पेढ्यांचा पुडा घेऊनच आली. बाईंनी आलेखाकडे बराच वेळ बघितलं.

"भोर, आपण या पेशींमध्ये ग्राही किती भरलेत?"

"भरपूर, बाई. नीट दिसावं म्हणून."

"एका खोलीला पन्नास दारं काढलीस तर वारा येणारच. दोनचार दारांची पेशी घे. तिसऱ्यांदा तिच्यावर कर."

मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत केलं. सगळा फरक विरघळून गेला. दोघांना निरोप जवळपास सारखाच जात होता. पहिलं प्रथिन आम्हाला आधी आणि मोठं दिसत होतं ते दारांच्या गर्दीमुळे. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. तोपर्यंत जगात इतर ठिकाणीही त्या आशेला तडे जायला लागले होते, पण आपल्या हातानं आपली आशा मोडणं वेगळं. बाई अकरा वर्षं त्यात घालवून बसलेल्या, पण त्यांनी पुडा सोडला आणि पहिला पेढा मला दिला.

"आपलं खोटं आहे हे आपल्यालाच आधी कळलं. हाही निकालच की. खा."

स्वतःचा पेढा त्यांनी अर्धाच खाल्ला आणि अर्धा परत पुड्यात ठेवला. ते मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे माझं लग्न झालं, मी परत भोरला आले आणि कॉलेजात शिकवू लागले. बाई निवृत्त होऊन दादांच्या घरी राहायला गेल्या. शनिवारी जमेल तेव्हा मी स्कूटीवर नसरापूर, मार्गासनी करत त्यांच्याकडे जायची. दादा ओट्यावर बसलेले असायचे. मला बघून म्हणायचे, "या भोरच्या बाई. आमच्या पट्ट्यात खड्डं किती लागलं?" मी आकडा सांगायची आणि ते मान हलवायचे. आता काम करणारे लोक नीट करत नाहीत, असा त्या मान हलवण्याचा अर्थ.

दुसऱ्या वर्षी दादा आजारी पडले. कळेपर्यंत कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरला होता. पुण्याच्या, गावोगावी फिरून दुखण्यावर औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या की आजार आता बरा होणार नाही, पण दुखणं थांबवता येईल. एक ते दहामध्ये किती दुखतं, असं त्यांनी विचारलं. दादांना ते आधी कळेना. मग बाई म्हणाल्या, "दादा, घरापासनं किती लांब गेलंय?" तेव्हा ते लगेच बोलले, "आठव्या दगडावर हाय. रातच्याला खिंडीत जातंय." डॉक्टरीणबाईंनी कागदावर आठ ते दहा लिहिलं आणि मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या.

दादांनी एकच विचारलं. "कशापास्नं करत्यात ही गोळी?"

डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं. घरी आल्यावर दादांनी ती पाकिटं वहिनींच्या हातात दिली आणि म्हणाले, "ठिवून दे. म्या घेनार न्हाई."

मी त्या शनिवारी तिथेच होते. बाई खाटेशी बसल्या होत्या.

"दादा, ही नशा न्हाई. दुखण्याचं औषाद हाय."

"अफू हाय का न्हाई त्येच्यात?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. मी तरी बोलले असते. त्या म्हणाल्या, "हाय."

"मंग झालं तर. बाप दारूत गेला, तवा म्या बुद्धाच्या इहारात जाऊन पाच शीलं घेतली. पाचवं नशापान्याचं. इतकी वर्सं पाळलं आन आता जाता जाता मोडू व्हय? बाप शेवटाला आमाला वळखत नव्हता, हौसे. तुला न्हाई आठवायचं. मला आठवतंय."

एवढं बोलताना त्यांनी खाटेचा गात, म्हणजे कडेचं लाकूड, असा धरला होता की बोटं पांढरी पडली होती. वहिनी आत जाऊन तोंडाला पदर लावून रडत होत्या. बाई उठून मागच्या दारी गेल्या, मी त्यांच्या मागे. तिथे शेणाच्या गोवऱ्यांपाशी त्या मटकन खाली बसल्या.

"तीस वर्षं, भोर. दुखणं कसं थांबतं यावर तीस वर्षं. आणि ज्यानं मला आकडे शिकवले तो माझ्यासमोर कण्हतोय, आणि औषध फडताळात पडलंय. काय उपयोग झाला सगळ्याचा?"

त्यांना रडताना मी पहिल्यांदा बघत होते. ते बघून मला दादांचा रागच आला. सांगून टाकते, म्हातारा हटवादी आहे असं वाटलं.

थोड्या वेळानं बाई उठल्या, तोंड धुतलं, आणि शबनममधून तो गोधडीचा तुकडा काढून पुन्हा खाटेशी जाऊन बसल्या. जे मला शिकवलं होतं तेच त्यांनी दादांना शिकवलं, फक्त दुसऱ्या बोलीत. आतलं, बाहेरचं, सात टाके. दादा दुखत असूनही नीट ऐकत होते.

"आता सांग," बाई म्हणाल्या, "माणसाच्या अंगात अफूची जागा कशाला असंल? कुनी केली?"

"त्येच तर म्हंतो."

"ही जागा अफूसाटी न्हाईच, दादा. आपलं अंगच एक औषाद करतं. ठेच लागल्यावर आदी जीव जातो आन मंग दुखणं जरा बोथट हुतं न्हवं? त्ये अंगातलं औषाद हितं येऊन बसतं. जल्मापास्नं हाय त्ये. तुज्यात हाय, माज्यात हाय. अफू नुस्ती त्याच जागंवर बसती."

दादांनी तुकड्यावरून बोट फिरवलं. "मंग माजं कुटं गेलं?"

"गेलं न्हाई. काम लई वाढलं, एकट्याला उरकंना. तुजा पट्टा पावसात वाहून गेला की जोडीला दुसरा माणूस देत व्हते का न्हाई?"

दादांनी एक टाका नखानं उचलून खालची बाजू बघितली. मग म्हणाले, "देत व्हते. पर त्यो पिऊन आला तर? डोकं जायाचं न्हाई कशावरनं?"

"म्या सांगत न्हाई, जायाचं न्हाई म्हनून," बाई म्हणाल्या. "मोजू."

आणि त्या बहीण-भावांत करार झाला. तीन दिवस, दर चार तासांनी, डॉक्टरांनी सांगितली तेवढीच गोळी. रोज संध्याकाळी दादांनी पंचशील आणि पूर्ण वंदना म्हणायची. बाई वही घेऊन समोर बसणार. एक शब्द जरी चुकला तरी औषध बंद.

"तू लबाडी करशील," दादा म्हणाले.

"म्या?" बाई एवढंच म्हणाल्या, आणि मला अकरा वर्षांवर पाणी पडलं तो दिवस आठवला. दादांना तो माहीत नव्हता, पण बहीण माहीत होती. त्यांनी तोंड उघडलं आणि वहिनींनी पहिली गोळी दिली.

सलग सुट्टी होती, म्हणून मी तीन दिवस राहिले. पहिल्या दिवशी दादा सारखे झोपत होते. औषधानं सुरुवातीला गुंगी येते, शिवाय कित्येक रात्रींची झोप राहिलेली. बाईंना हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत, तरी त्या दर थोड्या वेळानं त्यांचा श्वास मोजत होत्या. या गुंगीत एक शब्द घसरला की सगळं संपलं. संध्याकाळी दादांना भिंतीला टेकवून बसवलं. हळू हळू, एकेका शब्दाला थांबत, पण त्यांनी सगळं म्हटलं. वहीत लिहिलं गेलं: चूक नाही. दुखणं सहाव्या दगडावर.

दुसऱ्या दिवशी गुंगी उतरली. दुखणं चौथ्या दगडावर आलं.

तिसऱ्या दिवशी दादा स्वतः उठून बसले. अंगात धुतलेला पांढरा सदरा. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे वहिनींनी मेणबत्ती लावली. "आज हौसेनंबी माज्यासंगं म्हनायचं," दादा म्हणाले. दोघांनी एका सुरात सुरुवात केली. दादांचा आवाज स्वच्छ होता, दम लागत नव्हता, गात धरला नव्हता. पाचव्या शीलाशी आल्यावर तर त्यांनी ते जरा मोठ्यानंच म्हटलं. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदाच त्या तोंडावर दुखणं नव्हतं. वंदनेच्या मध्यावर बाईंचा आवाज बंद झाला. पुढची ओळच त्यांना आठवेना.

दादांनी ती ओळ पुरी केली, तशीच पुढची वंदना शेवटपर्यंत म्हटली, नमस्कार केला, आणि मगच बहिणीकडे वळले.

"हौसे, कुटं हाय दुखणं ठावं हाय? दुसऱ्या दगडावर. घर दिसाया लागलं." मग वहीकडे बोट दाखवलं. "आन चूक तुजी झाली, माजी न्हाई. लिव."

ती वही मी नंतर बघितली. 'तिसरा दिवस. दादा: चूक नाही. हौसा: एक.' अक्षर बाईंचं, जरा फुगलेलं, शाईवर पाणी पडल्यावर होतं तसं.

त्यानंतर दादांनी एकही गोळी चुकवली नाही. पोट मात्र बांधलं जायचं. त्यासाठी दुसरं औषध होतं, आणि ते घेताना दादा रोज कुरकुरायचे, "अफूला म्या भ्यालो, आन मारलं ह्येनं." बाई हसून मला म्हणायच्या, "बघ भोर, आपल्याला अकरा वर्षं वेगळं करता आलं नाही ते हेच." जरा बरं वाटायला लागल्यावर दादांनी एकदा सुई मागून घेतली. खोऱ्या-पाटीनं घट्टे पडलेल्या बोटांनी, लाल दोऱ्यानं, माझ्या आठ टाक्यांच्या शेजारी त्यांनी सात टाके घातले. वाकडेतिकडे, पण बरोबर सात. मला दाखवून म्हणाले, "भोरच्या बाई, मोजा."

दादा काही महिन्यांनी गेले, दुपारचे, झोपेत. शेवटपर्यंत त्यांनी सगळ्यांना ओळखलं.

मला वाटलं, बाई आता खचतील. त्यांनी केलं असं की त्या डॉक्टरीणबाईंच्या गाडीत बसून त्यांच्याबरोबर वेल्ह्याच्या गावोगावी जायला लागल्या. कुणी भीतीनं गोळ्या फडताळात ठेवल्यात असं कळलं की बाई शबनम अडकवून हजर. त्यांच्या पायातले खेळाचे बूट आता कुठे खरे कामी आले, असं मी त्यांना चिडवायची.

बाई गेल्या वर्षी अचानक गेल्या. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी मला पानशेतच्या बाजूला एका घरी बरोबर नेलं होतं. मला कॉलेजला परतायचं होतं, म्हणून मी दारातूनच निघाले. चपला घालता घालता मागे बघितलं. खाटेवर एक म्हातारी आजी होती, गोळ्या नको म्हणणारी. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या आणि गोधडीचा तुकडा आजीच्या मांडीवर पसरला होता. आजीनं सुरकुतलेल्या बोटानं त्यावरची एक ओळ चाचपली.

"ही लाल शिवण कुनाची गं? वाकडी हाय."

"माज्या थोरल्या भावाची," बाई म्हणाल्या. "लई हट्टी व्हता. खिंडीत अडकला व्हता, दहाव्या दगडावर."

"मंग?"

"मंग घरला आला की."